डीटी-८३० मल्टिमीटर यूएसबीवर चालवायचाय? आधी कॉमचं बघा

तुमचा प्लॅन असा दिसतोय की पिवळ्या डीटी-८३० ची ९ व्होल्टची बॅटरी सारखी बदलून वैताग आलाय, म्हणून कडेला भोक पाडून यूएसबी सॉकेट बसवायचं, आत एमटी३६०८ बूस्ट मॉड्युल टाकून ५ चे ९ व्होल्ट करायचे आणि मोबाइल चार्जर नाहीतर लॅपटॉपवर मीटर चालवायचा. व्होल्टेजचं गणित बरोबर आहे, थेट ५ वर तो नीट चालणार नाही हेही खरं. तरीपण असं करू नका.

एक करून बघा. मीटर बॅटरीवरच चालू ठेवा, दुसऱ्या मीटरची एक प्रोब याच्या कॉममध्ये (काळी प्रोब लागते ते भोक) घाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला टेकवा. शून्य येईल असं वाटतं ना? ६ व्होल्टच्या आसपास दिसेल. आतली ७१०६ चिप कॉमला बॅटरीच्या प्लसपेक्षा साधारण ३ व्होल्ट खाली धरून ठेवते, म्हणजे काळी प्रोब आणि बॅटरीचा मायनस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅटरी कशालाच जोडलेली नसते म्हणून हे खपून जातं. आता समजा लॅपटॉपच्या एका पोर्टवर अर्डुइनो आणि दुसऱ्यावर तुमचा मीटर. साध्या बूस्ट मॉड्युलमध्ये इनपुट-आउटपुटचा मायनस एकच असतो, त्यामुळे काळी प्रोब अर्डुइनोच्या ग्राउंडला लावली की कॉम ओढून मायनसवर येणार, चिप ज्याच्याशी तुलना करून मोजते तो रेफरन्सच बिघडणार आणि आकडे काहीच्या काही येणार. मग लोक म्हणतात मॉड्युल नॉइझी आहे, कपॅसिटर लावत बसतात.

हे झालं आकड्यांचं. २३० व्होल्ट मोजताना काळी प्रोब फेजवर गेली, आणि एसीत ती कुठेही जाऊ शकते, तर तोच फेज चिपमधून यूएसबीच्या ग्राउंडपर्यंत पोचतो. तिथून लॅपटॉप. केबल काढलेली असली तरी सॉकेटचा पत्र्याचा भाग बाहेरून हाताला लागतोच, आणि तो बहुतेक वेळा मायनसलाच जोडलेला असतो. आयसोलेटेड, म्हणजे इनपुट-आउटपुट एकमेकांना न जोडलेली डीसी-डीसी मॉड्युल मिळतात, ब्रेडबोर्डवरच्या कामाला ठीक आहेत, पण मेन्सच्या बाबतीत मी त्यांच्यावर भरवसा ठेवणार नाही.

मग करायचं काय, तर आत छोटा लिथियम सेल, टीपी४०५६ चं प्रोटेक्शनवालं चार्जिंग बोर्ड आणि त्यापुढे तुमचं एमटी३६०८. सॉकेट मात्र मागच्या झाकणाच्या आत, बॅटरीच्या खणातच ठेवा, म्हणजे चार्ज करायला झाकण उघडावंच लागेल. प्रोब आधी काढायच्या, चार्जिंग चालू असताना मोजायचं नाही. थोडं गैरसोयीचं आहे, असू दे.

टीपी४०५६ बोर्डवर सहसा १.२ के चा रेझिस्टर असतो, त्याने १ अँपिअरने चार्जिंग होतं, ५०० एमएएचच्या चपट्या सेलला ते जास्त आहे. तो काढून ४.७ के लावा, साधारण २५० मिलिअँपिअर होईल. एमटी३६०८ मीटरला जोडायच्या आधी रिकामं चालवून ९ वर सेट करा, कारण ते २८ पर्यंत जातं आणि ७१०६ ची कमाल मर्यादा १५ आहे. त्याचा प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज सेट करायचा स्क्रू, बरेच वेढे फिरवेपर्यंत काही हलतच नाही, बिघडलंय समजून फेकू नका. आणि सेल व बूस्टच्या मध्ये एक छोटा स्लाइड स्विच हवाच, मीटरचा नॉब ऑफ केला तरी बूस्ट आपलं करंट खात बसतं. सी टाइपचं सॉकेट घेताना सीसी पिनांवर ५.१ के चे दोन रेझिस्टर आहेत का बघा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, स्वस्तातल्या बोर्डांवर ते बऱ्याचदा नसतात आणि मग सी-टू-सी केबलने चार्जच होत नाही.

एवढी खटपट नको असेल तर ९ व्होल्टच्याच आकाराची, अंगावरच यूएसबी पोर्ट असलेली लिथियम बॅटरी मिळते. काढायची, चार्ज करायची, परत लावायची. खरं सांगायचं तर मी तुम्हाला हेच सुचवेन.

आणि एक विचारायचं राहिलं, बॅटरी नक्की कशाने संपते? हा मीटर जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर घेतो, चांगली अल्कलाइन दोन-तीनशे तास सहज जायला हवी. पण याला ऑटो ऑफ नाही, नॉब व्होल्टवर विसरून आठ-दहा दिवस तसाच राहिला की गेली. तसं होत असेल तर लिथियम टाकूनही तेच होणार. आणि तुमच्या मॉडेलमध्ये ९ व्होल्टऐवजी दोन पेन्सिल सेल असतील तर चिप वेगळी आहे, बोर्डचा फोटो टाका, मग बघू.