अण्णांना पाळीला जाऊ द्या

(पत्र लांब होतं, थोडं कापलंय.)

नमस्कार काकू, आम्ही सोलापूरला अशोक चौकाच्या मागं राहतो. अण्णा ७६ वर्षांचे, सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात पावरलूमवर गेलं. डिमेन्शिया निघून चार वर्षं झाली. आमची मिसेस त्यांचं सगळं करते, पाणी हातात, टॉवेल हातात, आता तर घास पण भरवते, मऊ भात, वरणाचं पाणी, चहा-खारी, एक तक्रार नाही तिची. तरी वर्षभरात वजन ६४ चं ५२ झालं, पायाच्या काड्या झाल्यात, लेंगा कमरेला थांबत नाही, खुर्चीतून उठवताना काखेत हात घालावा लागतो. दिवाळीला अक्का पुण्याहून आली आणि पाहुण्यांसमोर म्हणाली, माझ्या बापाला उपाशी मारताय. मिसेस तेव्हापासून धड जेवत नाही. या आजारात असं होतंच ना? प्रोटीन पावडर कुठली चांगली, आणि अक्काला काय उत्तर देऊ? आमची झोप पण होत नाही, पहाटे साडेपाचला अण्णा पाळीला जायचं म्हणून उठायला बघतात, मग दामटून परत झोपवतो, पडले बिडले तर काय घ्या.

अहो, माणूस उठतोय की!

तुम्ही पानभर अक्का लिहिली, आणि कामाची गोष्ट शेवटी झोपेच्या तक्रारीत टाकून दिली. ज्या माणसाला आज वार कुठला ते सांगता येत नसेल त्याला साडेपाचची पाळी आठवतीय, नुसती आठवत नाही तर त्यासाठी तो स्वतःहून अंथरूण सोडतोय, आणि घरातली दोन धडधाकट माणसं मिळून त्याला रोज आडवं करतायत. मग तुम्हीच मला विचारताय पायाच्या काड्या कशानं झाल्या.

मिसेसचं कौतुक करावं अशी अपेक्षा दिसतीय पत्रात. नाही करणार. सून मनापासून करतीय हे दिसतंय, पण पाणी हातात, टॉवेल हातात, घास तोंडात, म्हणजे अण्णांना सकाळपासून रात्रीपर्यंत जागचं हलायला एक कारण शिल्लक ठेवलेलं नाही तिनं. हाताला प्लास्टर घालून महिना-दीड महिन्यानं काढलं की हात कसा बारीक निघतो, बघितलाय ना? जेवण तर तेच असतं त्या महिन्यात. स्नायू वापरला नाही की शरीर तो ठेवत नाही, आणि म्हातारपणी तर फार पटकन घालवतं. तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू तसेही जातात, साठीनंतर वेग वाढतो. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, तब्येत चांगली असलेल्या म्हाताऱ्या माणसांना १० दिवस नुसतं गादीवर ठेवलं, तर एकट्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! तुमचे अण्णा खुर्चीत किती महिने आहेत ते तुम्हीच मोजा.

आजारामुळं होतंच का, तर थोडं होतं. वास कळेनासा होतो, भूक मरते, जेवलो की नाही ते आठवत नाही, आणि अगदी शेवटी शेवटी मेंदूच पायांना चाल म्हणायचं विसरतो. पण पहाटे आपणहून उठणारा माणूस तिथवर पोचलेला नाही ओ. शिवाय वर्षात १२ किलो ही काही लहान गोष्ट नाही, ती सगळी डिमेन्शियाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. या आठवड्यातच डॉक्टरकडे न्या, थायरॉईड, शुगर, बी-१२, छातीचा फोटो, दात किंवा कवळी, सगळं बघून घ्या. गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, विसरण्यावरच्या काही गोळ्यांनी भूक जाते आणि झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, पण आपल्या मनानं एकही बंद करायची नाही.

आता पावडर. बोस्टनला नर्सिंग होममधल्या १०० अशक्त म्हाताऱ्यांवर प्रयोग झाला होता, १९९४ साली छापला, सरासरी वय ८७. काहींना पायांचा वजन लावून व्यायाम दिला, काहींना नुसतं ताकदीचं पेय, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांनी व्यायामवाल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, आणि नुसतं पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तिथंच. म्हणून मी तुम्हाला डब्याचं नाव सांगत नाही. एवढे पैसे घालून अण्णांना परत खुर्चीतच बसवणार असाल तर काय उपयोग.

पडले तर? दादा, मांडीत जोर नाही म्हणूनच माणूस पडतो. फिनलंडमध्ये अल्झायमर (डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) झालेल्या २१० लोकांवर अभ्यास झाला, २०१३ साली आला, सगळे घरी नवरा-बायकोबरोबर राहणारे. ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा तासभर फिजिओथेरपिस्ट येऊन वर्षभर व्यायाम करून घेत होता त्यांची हालचाल सावकाश ढासळली आणि ते पडले पण कमी. आठवण परत येत नाही यानं, ते आधीच सांगते, इंग्लंडात तसं तपासून झालंय, व्यायामानं डिमेन्शिया थांबला नाही. पण संडासला आपल्या पायानं जाता येणं आणि दोघांनी उचलून नेणं यातला फरक तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

तर उद्यापासून अण्णा पाळीला जाणार. आणि नेणार तुम्ही, मिसेस नाही. सगळं तीच करते हे तुम्ही एवढ्या अभिमानानं लिहिलंय, मग तुम्ही काय करता ते पत्रात मला कुठंच सापडलं नाही.

साडेपाचला हलायला लागले की "अण्णा झोपा, कारखाना कधीच सुटला" असलं काही बोलायचं नाही. लाईट लावा, "चला, पाळी" म्हणा, दोन शब्द बास. मग गप्प राहायचं, मनात दहापर्यंत मोजा, कारण ऐकलेलं पायांपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात ओढायला लागतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवा म्हणजे चक्कर येणार नाही, लघवीला आधी न्या (पहाटेची निम्मी धडपड त्याचीच असते बऱ्याचदा). काखेत हात घालून उचलणं बंद, त्यानं त्यांचा खांदा दुखतो आणि तुमची पाठ जाते. पाय खाली नीट टेकवून, पुढं वाकून, हातांनी रेटून त्यांनाच उठू द्या, तुम्ही बाजूला थांबून कमरेला आधार द्या. लेंग्याची नाडी आखूड करा नाहीतर तोच पायात येईल. हवाई चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल.

आणि मग गल्लीच्या तोंडापर्यंत. पहिल्या दिवशी दारापर्यंतच झालं तरी चालेल. टपरीवर बाकडं असेल तर बसा, चहा घ्या, परत उठा, ते उठणं-बसणं हाच खरा व्यायाम. सोलापूरचं ऊन काय आहे ते तुम्हाला माहितीय, साडेसातनंतर उन्हाळ्यात बाहेर काढता येत नाही, उलट अण्णांनी वेळच बरोबर निवडलीय. दिवसा पण तासाला एकदा खुर्चीतून चार-पाच वेळा उठ-बस. खाली जाणारी प्लॅस्टिकची खुर्ची काढून हात असलेली लाकडी द्या. नळाला पाणी येण्याच्या दिवशी भांडी सरकवायला, टॉवेलच्या घड्या घालायला बसवा, टॉवेलची घडी तर तुमच्यापेक्षा सुबक घालतील बघा. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवून धरायचं कसं ते दोघं शिकून घ्या.

जेवणात पण गडबड आहे. वरणाचं पाणी आणि खारी याला जेवण म्हणत नाहीत. या वयात किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे अण्णांना दिवसाला ५२ ते ६२ ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. घट्ट वरण, दूध, दही, खात असतील तर दोन अंडी, भाकरी दुधात कुस्करून, आणि आपली शेंगाचटणी बारीक कुटून दह्यात कालवून (अख्खे शेंगदाणे नको, ठसका लागतो). घास त्यांच्या हातात द्या. सांडतील, सांडू दे. गिळताना सारखा खोकला येत असेल तर ते पण डॉक्टरला सांगा. आणि दोन-तीन दिवसांतच अचानक पाय गेले, ताप आला, गुंगीत दिसले तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

राहता राहिली अक्का. उपाशी म्हणाली ते चूक, पण बाप वाळलाय हे वर्षातून एकदा येणाऱ्या बाईला दिसलं आणि रोज घरात असणाऱ्यांना दिसलं नाही, म्हणून तिला उत्तर वगैरे देत बसू नका. गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस राहायलाच बोलवा आणि त्या चार दिवसांची साडेपाचची पाळी तिच्याकडे द्या. मिसेसला तेवढे दिवस सातपर्यंत झोपू दे.

— काकू