‘विच’ लगतच्याच नामाला लागते का?

प्रश्न असा आहे : ‘द रिपोर्ट ऑन द फ्लड्स, विच वॉज पब्लिश्ड इन 1990’ ही रचना इंग्रजीच्या परीक्षेत चूक धरावी का? ‘विच’च्या लगत ‘फ्लड्स’ आहे, ‘रिपोर्ट’ नाही, ही शंका.

चूक मुळीच नाही. संबंधी सर्वनाम लगतच्या नामालाच लागते, हा घोकून घेतला जाणारा नियम ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘ऑन द फ्लड्स’ हा ‘रिपोर्ट’च्याच पदबंधाचा, म्हणजे एकत्र येणाऱ्या शब्दसमूहाचा, भाग आहे आणि ‘विच’ त्या सबंध पदबंधाला लागते. शिवाय ‘वॉज’ हे एकवचनी क्रियापद ‘फ्लड्स’ला चालणारच नाही. ‘ही लाफ्स बेस्ट हू लाफ्स लास्ट’ या म्हणीत तर ‘ही’ आणि ‘हू’ यांच्यामध्ये क्रियापदासकट सारे विधान येऊन बसले आहे, तरी अर्थाला कोठे बाध येत नाही.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. जुन्या इंग्रजीतील ‘ह्विल्च’ या रूपात पहिला अंश ‘हू’च्या कुळातला, म्हणजे आपल्या ‘कोण’मधल्या ‘क’चाच सगोत्र, आणि दुसरा ‘लीच’, म्हणजे देह किंवा रूप. ‘लाइक’ हा शब्दही त्यातूनच आला. म्हणजे ‘विच’चा मूळ अर्थ ‘कोणत्या रूपाचा’, थेट संस्कृतातल्या ‘कीदृश’सारखा. हे मुळात प्रश्नार्थक सर्वनाम. संबंध दाखवण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले. आपल्याकडे मात्र त्यासाठी संस्कृत ‘यद्’पासून आलेला ‘जो’ वेगळा आहे आणि ‘तो’ त्याला उत्तर देतो, म्हणून मराठी उपवाक्य निर्धास्तपणे पुढेमागे हलते. इंग्रजीत अशी नेमाची जोडी उरली नाही, म्हणून तेथे स्थानाला महत्त्व आले, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी शब्दप्रयोगांवर प्रसिद्ध कोश लिहिणारे फाउलर यांनी 1926 साली मर्यादक उपवाक्याला, म्हणजे कोणती वस्तू ते ठरवणाऱ्याला, ‘दॅट’ आणि अमर्यादकाला, म्हणजे केवळ जादा माहिती देणाऱ्याला, ‘विच’ अशी वाटणी सुचवली. बहुतेक लेखक ती पाळत नाहीत, हे त्यांनीच मान्य केले होते. तिला कायदा मानून गुण कापणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

‘फ्लड्स’च्या जागी एकवचनी ‘फ्लड’ असते, तर मात्र ‘वॉज’ दोन्ही नामांना चालले असते. अशा वेळी ‘द रिपोर्ट, पब्लिश्ड इन 1990, ऑन द फ्लड’ अशी ओढाताण न करता ‘द 1990 रिपोर्ट ऑन द फ्लड’ असे सरळ लिहावे.