पत्नी पूर्वी जपानमध्ये होती. स्पाउस व्हिसासाठी तिथलं पोलीस प्रमाणपत्र माझा भाऊ मुंबईतून काढू शकेल का?

नाही. दहाही बोटांचे ठसे लागतात आणि ते तुमच्या पत्नीचे लागतात. तिला स्वतःला मुंबईतल्या जपानी कॉन्सुलेटमध्ये जावं लागेल.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही लिहिलंय की पत्नी लग्नाआधी 4 वर्षं जपानात नोकरीला होती, आता नाशिकला माहेरी आहे आणि "तिची सगळी मूळ कागदपत्रं भावाकडे आहेत, आम्ही दोघं मिळून बघतोय". हे वाचलं आणि मला राहवलं नाही. आमच्याकडेही दोघे भाऊच मिळून बघत होते.

मी पुण्याची. जपानी शिकले, एन-3 ही भाषेची परीक्षा पास झाले, तोक्योत नोकरी मिळाली, 3 वर्षं निशिकासाईत राहिले. परत आल्यावर दीड वर्षाने लग्न झालं. नवरा न्यू जर्सीत. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला वयाच्या 16 वर्षांनंतर ज्या दुसऱ्या देशात 12 महिने किंवा जास्त राहिलात तिथलं पोलीस प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणजे मला भारताचं आणि जपानचं अशी दोन हवी होती.

"मग तिथून निघतानाच का नाही काढून घेतलंस?" सासरी हे मला किमान दहा जणांनी विचारलं. तुमच्या पत्नीलाही विचारतील, म्हणून सांगते. जपानी पोलीस हे प्रमाणपत्र पुढेमागे लागेल म्हणून देत नाहीत. कोणत्या देशाला, कशासाठी हवंय याचा कागद दाखवावा लागतो. मी निघाले तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं, कुठला कागद दाखवणार होते?

कॉन्सुलेटला आधी फोन करून वेळ घेतली, डेक्कन क्वीनने गेले, सीएसएमटीहून टॅक्सीने कंबाला हिल. दोन्ही पासपोर्ट, विमानतळावर भोक पाडून परत दिलेलं रेसिडन्स कार्ड, व्हिसाचं पत्र आणि तिथल्या दोन्ही घरांचे पत्ते तारखांसकट लिहून नेले होते. शाईने एकेका बोटाचा ठसा घेतला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ठसे कशाला, तू काय गुन्हेगार आहेस?" तिला समजावलं की रेकॉर्ड तपासायला घेतात, सगळ्यांचेच घेतात. अर्ज तोक्योला जातो आणि प्रमाणपत्र तिकडून येतं, त्यामुळे दोन महिने तरी धरा. मला 9 आठवडे लागले. फी नाही.

घ्यायला गेले तेव्हा पांढरा बंद लिफाफा हातात देऊन खिडकीतल्या बाईंनी दोनदा बजावलं: उघडू नका, उघडला की तो बाद. ज्या कार्यालयाला द्यायचाय ते उघडतील. अमेरिकेच्या सूचनाही तशाच होत्या, मुलाखतीला लिफाफा बंद आणायचा.

मी नवऱ्याला फोन केला, हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, लिफाफा मी पुण्याला घेऊन जाते. तो म्हणाला, मुलाखत बीकेसीला, अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये आहे, तुला आदल्या दिवशी ठाण्याला आपल्याकडे यायचंच आहे, तर घरीच ठेव, दादा फाइल लावतोय. मी ठेवला. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

माझे थोरले दीर 22 वर्षं बँकेत कर्ज विभागात आहेत. माझ्या नावाची फाइल त्यांनी केली होती. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत प्रत्येक मूळ कागद आणि त्यामागे तीन-तीन झेरॉक्स. जन्मदाखला, विवाह नोंदणी, माझे पगाराचे कागद, सगळं त्यांच्या कपाटात. मला काही बघायचं असलं की "भाऊजी, जरा फाइल देता का" म्हणून मागावी लागायची, आणि मग ते शेजारी बसून पानं उलटायचे.

मुलाखतीच्या चार दिवस आधी ठाण्याला गेले. जेवणं झाल्यावर फाइल बघायला घेतली तर जपानच्या कप्प्यात तीन झेरॉक्स. मला क्षणभर कळेचना. मग मागे लिफाफा दिसला, वरची कड सुरीने नीट कापलेली.

"भाऊजी, हा उघडला?"

"अगं, ओरिजिनल तिकडे देऊन टाकायचं, मग आपल्याकडे कॉपी नको? उद्या हरवलं म्हणाले तर?"

मी सांगितलं की हा बाद झाला. ते म्हणाले, "असं कसं बाद होईल, शिक्का आहे त्यावर." मग म्हणाले, "एवढं होतं तर मला सांगायचंस." मी नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याने त्यांना फोनवर इतकंच सांगितलं होतं की जपानचं आलंय, फाइलला लाव. माझ्या कागदाबद्दल दोघे भाऊ आठवड्यातून तीनदा बोलत होते आणि त्या बोलण्यात मी एकदाही नव्हते.

त्या रात्री मी ते प्रमाणपत्र पहिल्यांदा वाचलं. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषांत, म्हणजे भाषांतराचीही गरज नव्हती. माझं माहेरचं नाव, आणि माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही. परक्या देशात 3 वर्षं एकटीने राहिले, वॉर्ड ऑफिसात जपानीतून फॉर्म भरले, वेळेवर कर भरले, त्याची ती पावती होती माझ्या लेखी. आणि ती आता कामाची नव्हती.

पुन्हा फोन, पुन्हा कंबाला हिल, पुन्हा दहा बोटं. लिफाफा घरात उघडला गेला हे खिडकीपाशी सांगताना मान खाली गेली. दुसऱ्या वेळी 11 आठवडे लागले. मुलाखतीची तारीख सोडावी लागली, नवी तारीख त्यानंतर मिळाली. मी पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा आधीच दिला होता आणि नोटीस पिरियडही संपला होता, त्यामुळे ते सगळे महिने बिनपगारी, सासरी, "कधी निघणार?" ऐकत काढले. दुसरा लिफाफा मात्र माझ्या पर्समध्ये राहिला. झोपताना उशाशी. बीकेसीला खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या हातात मी स्वतः दिला.

भाऊजी अजून म्हणतात, "दोन महिन्यांचा तर प्रश्न होता." नवरा म्हणतो, दादाने तुझ्यासाठीच केलं ना सगळं. केलं. विवाह नोंदणीसाठी त्यांनी दोन वेळा रजा टाकली, ते मी विसरलेले नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण चांगल्या हेतूने का होईना, माझी कागदपत्रं माझ्याकडून काढून घेतली गेली आणि त्याची किंमत मी एकटीने भरली. हे मी घरात तीनदा बोलले आणि तिन्ही वेळा विषय बदलला गेला.

भारताच्या पीसीसीचंही, म्हणजे इथल्या पोलीस प्रमाणपत्राचंही तसंच. पासपोर्ट सेवेवर अर्ज, 500 रुपये, आणि केंद्रात तिलाच हजर राहावं लागतं. भाऊ तिथेही चालणार नाही. आणि कोणी सांगितलं की आधी पासपोर्टवर सासरचं नाव-आडनाव करून घ्या, तर घाई करू नका. जपानचं रेकॉर्ड माहेरच्या नावावर आहे. बदललंच असेल तर जुना पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र सोबत न्यायला लागेल. मी बदललं नाही. त्यावरूनही घरात बरंच झालं, ते इथे नको.

एक राहिलं. तुम्ही कोणत्या देशात आहात ते लिहिलेलं नाही. मी अमेरिकेचं सांगतेय. कॅनडा गेल्या 10 वर्षांतले सलग 6 महिने धरतो, ऑस्ट्रेलिया एकूण 12 महिने. बंद लिफाफ्याचं काय करायचं हेही तुमच्या देशाच्या सूचनांत बघा, स्कॅन मागत असतील तर त्यांचं ऐका, माझं नको. जपानचं प्रमाणपत्र लवकर काढलं तर शिळं होईल अशी भीती असेल तर, त्यानंतर ती तिकडे परत गेली नसेल तर अमेरिका आणि कॅनडा ते चालवून घेतात. भारताचं मात्र अर्जाच्या वेळेला ताजं लागू शकतं, ते शेवटी काढा.

आणि भावाला आजच फोन करून तिची फाइल नाशिकला पोचवायला सांगा, झेरॉक्स नव्हे, मूळ कागद. कुरियरने नको, पंचवटीने कोणी येत-जात असेल त्याच्या हाती. दोन्ही पासपोर्ट, भोकाचं कार्ड असेल तर ते, विवाह प्रमाणपत्र. व्हिसाचं पत्र तुम्ही तिला थेट पाठवा. जपानातले पत्ते तिच्याइतके कोणालाच आठवणार नाहीत. कॉन्सुलेटला फोन तिलाच करू दे, ती जपानीतूनही बोलू शकेल.