कुर्ती बाजारातली आहे हे सांगायला लाज वाटते, काय करू?

हे पत्र आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातनं आलंय, नाव छापू नका म्हणालीय म्हणून नाव नाही. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते:

"ताई, मी २७ वर्षांची, टिळकवाडीत एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. पगार १६ हजार. मिस्टर उद्यमबागला कामाला. मला चांगलं राहायची, नीटनेटके कपडे घालायची फार हौस. खडे बाजारातनं, खासबागच्या रविवारच्या बाजारातनं दोनशे-तीनशेला कुर्ती घेते, घरी मशीनवर फिटिंग करते, ओढण्या जमवते. क्लिनिकमध्ये सगळ्या विचारतात कुठनं घेतलीस म्हणून, तर एकदा लाजेनं पुण्याच्या मॉलमधनं असं सांगून बसले. आता त्या म्हणतात आमच्यासाठी पण आण की. सासूबाई म्हणतात रोज नटून जातीस, पैसा झाडाला लागलाय काय. त्यांच्या भीतीनं काही टॉप पलंगाखालच्या बॅगेत लपवून ठेवलेत, टॅगसुद्धा काढले नाहीत. त्यात मे महिन्यात नणंदेचं लग्न. घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारख्या पैठण्या ऑनलाइन ग्रुपमधनं मागवायचं ठरवलंय, एकीला साडेनऊ हजार. मी मोबाईलवर ईएमआय बघून ठेवलाय. माझी हौस चुकीची आहे का? आणि ह्यातनं बाहेर कशी पडू?"

अगं, हौस चुकीची आहे का हा प्रश्नच पहिल्यांदा डोक्यातनं काढून टाक. दोनशेची कुर्ती घ्यायची, तिची बाही कमी करायची, बाजूची शिवण आत घ्यायची आणि ती अशी घालायची की बघणाऱ्याला पुण्याच्या मॉलमधली वाटावी, हे सगळ्यांना जमत नाही, पाच हजाराचा ड्रेस अंगावर पोत्यासारखा लोंबतोय असं किती जणींचं होतं ते तू रोज रिसेप्शनला बसून बघतच असशील. तुझ्याकडं नजर आहे आणि हातात कला आहे, आणि दिवसभर लोकांच्या समोर बसायचं काम आहे, तेव्हा नीट दिसणं हा त्या कामाचाही भाग आहे. ह्यात चोरी करण्यासारखं काहीच नाही.

मग चोरी केल्यासारखं का वाटतंय तुला? मला वाटतं कपड्यांमुळं नाही, लपवण्यामुळं. क्लिनिकमध्ये एक गोष्ट लपवायची, घरी दुसरी लपवायची, आणि आता लग्नात ईएमआयची तिसरी लपवायची तयारी चाललीय, एवढं ओझं घेऊन कुठली कुर्ती अंगाला सुख देणार सांग.

क्लिनिकचं आधी. ते सगळ्यात सोपं आहे, तुला सगळ्यात अवघड वाटतंय तरी. पुढच्या वेळी कोणी विषय काढला की सरळ सांग, "अगं ती पुण्याची नव्हे, खासबागच्या बाजारातली आहे, त्यादिवशी मला सांगायला लाज वाटली." बस. जास्त सफाई देत बसू नकोस. एखादी हसेल, हसू दे, बाकीच्या लगेच विचारतील कुठल्या बाजूला बसतो गं तो, आणि येत्या रविवारी तुझ्याबरोबर यायला तयार होतील, कारण कपड्याची किंमत ऐकून तोंड वाकडं करणाऱ्या बायकांपेक्षा स्वस्तात चांगलं कुठं मिळतं हे विचारणाऱ्या बायका आपल्या बेळगावात कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठी आणायची जबाबदारी मात्र अंगावर घेऊ नकोस, साइज चुकली की पैसे तुझेच अडकतील.

आणि बाजारातलं म्हणजे कमी दर्जाचं, आपल्याकडचं म्हणजे गावठी, हे आपल्या मनात कोणी भरवलंय कोण जाणे. तुझ्या पायात चप्पल कोल्हापुरी असेल ना? ह्या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली असा सरकारी शिक्का, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणीला, निपाणीकडं किती घरं पिढ्यानपिढ्या ह्या चपला करतात. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला मॉडेलच्या पायात घातल्या, कुठल्या कारागिरांच्या आहेत ते सांगितलंच नाही, इकडं लोकांनी आवाज उठवला तेव्हा मान्य केलं की भारतीय चपलेवरनं घेतलंय. म्हणजे जी वस्तू आपण गल्लीतनं भाव करून घेतो तीच तिकडं फॅशन होते. तशीच वडगाव, खासबाग, शहापूर ह्या भागात घराघरात माग आहेत, तिथं विणलेली साडी बाहेरगावच्या दुकानात जाऊन दुसऱ्याच नावानं विकली जाते. तू तर ह्या सगळ्याच्या उगमापाशी राहतेस, लाज कसली वाटून घेतीस?

आता जरा बोलणी खायची तयारी ठेव, कारण पलंगाखालच्या बॅगेबद्दल बोलायचंय. सासूबाईंच्या भीतीनं लपवलेत म्हणतेस, पण टॅगसुद्धा काढला नाहीस ह्याचा अर्थ ते टॉप तुला घालायला नको होते, तुला ते घ्यायला हवे होते. बाजारात भाव करून साडेतीनशेचं दोनशेला पाडलं की जो आनंद होतो ना, तो घरी येईपर्यंत संपतो, आणि टॉप बॅगेत जातो. दोनशेचा टॉप कधीच घातला नाहीस तर तो महाग पडला, आणि बाराशेची एक कॉटनची कुर्ती दोन वर्षं आठवड्याला वापरलीस तर ती फुकटात पडली, एवढा साधा हिशेब आहे. बॅग ओढून बाहेर काढ, सगळं पलंगावर पसर, एकेक घालून आरशात बघ. जे बसतंय ते कपाटात लाव, सासूबाईंच्या समोर लाव. जे फिटिंगनं बसेल ते मशीनवर घे. आणि जे रंगानं किंवा कापडानं तुला शोभतच नाही ते बहिणीला, मैत्रिणीला देऊन टाक, ठेवून ठेवून ते काय तुला शोभायला लागणार नाही. त्यानंतर बॅगच पलंगाखाली ठेवायची नाही.

खरेदीला जाताना मनात एकच विचार ठेव की घरातल्या कुठल्या तीन कपड्यांवर हे जाईल. उत्तर नाही सुचलं तर कितीही स्वस्त असू दे, खाली ठेव. आणि बाजारात घेताना घाई करू नकोस. कापड उजेडाकडं धरून बघ, आरपार दिसतंय तर आत स्लिप लागणार, तो खर्च वेगळा. शिवण दोन्ही हातानं हलकं ओढून बघ, टाके उघडतात का. शिवणीत आत कापड किती सोडलंय ते बघ, मार्जिन असेल तरच फिटिंगला सैल करता येतं, आत घ्यायला काय, कसंही येतं. गडद लाल, मरून, निळा असला तर रुमालाचं टोक ओलं करून आतल्या बाजूला घास, रुमालाला रंग लागला तर ती कुर्ती पहिल्या धुण्यात बाकीच्या कपड्यांचं वाटोळं करणार. आपल्या खानापूरच्या पावसात तर बघायलाच नको, एकदा भिजलीस की पांढऱ्या सलवारीवर नकाशा उमटेल. कोल्हापुरी चप्पल पण जून ते सप्टेंबर कपाटातच ठेव, चामडं भिजलं की तळ सुटतो, त्या दिवसात रबरी चप्पलच बरी.

दुकानातनं घ्यायचं तर आषाढाची वाट बघ. आपल्याकडं आषाढात लग्नं नसतात, दुकानात गिऱ्हाईक कमी होतं, आणि श्रावणापासनं सणांचा नवा माल यायच्या आधी जुना काढायचा असतो म्हणून आषाढ सेल लागतात. त्यात रोजच्या वापराचं चांगलं मिळतं, फक्त डिस्काउंट किती लिहिलंय ते बघू नकोस, शेवटी किती रुपये जाणार तेवढंच बघ. आणि पॅक मालावर एमआरपी छापलेली असते ना, ती सगळे टॅक्स धरूनच असते, तिच्यावर वेगळा जीएसटी लावतो म्हणणाऱ्या दुकानदाराला स्पष्ट नाही म्हण. तयार कपड्यांवर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासनं अडीच हजारापर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी आहे, तुझी खरेदी सगळी खालच्या गटातली, तेव्हा काळजी नाही.

पैसे किती घालायचे ते मात्र आधी ठरव आणि मिस्टरांना सांग. १६ हजारात महिन्याला सातशे-आठशे हौसेला बाजूला ठेवलेस तर कोणी नाव ठेवायचं कारण नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ च्या जूनपासनं सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, खानापूर-बेळगाव रोजच्या येण्याजाण्याचे जे पैसे वाचतात त्यातलेच हे धर. एखाद्या महिन्यात काही आवडलं नाही तर ते पैसे तसेच राहू देत, पुढं एखादी चांगली वस्तू घेता येते.

आता लग्न. ईएमआय नको. ऋण काढून सण करू नये हे तुला घरात आधी ऐकवलेलं असणारच, पण त्याहून मोठं कारण मी सांगते, साडेनऊ हजार म्हणजे तुझ्या अर्ध्या पगाराच्या वर, आणि ते एका अशा साडीसाठी जी तू निवडलेली पण नाहीस. शिवाय ती पैठणी हातमागाची आहे का मशीनची, हे ग्रुपमध्ये कोणी विचारलंय का? विचार. पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागव. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा मोर पुढून जसा दिसतो तसाच मागून दिसतो, धागे गुंफून विणलेले असतात. मशीनच्या साडीला मागं धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले दिसतात. मशीनची साडी वाईट नसते, पण तिला हातमागाचे पैसे का द्यायचे? हा फोटो तुझ्या एकटीच्या नाही, सगळ्या जावांच्या कामाचा आहे.

आणि तुला स्वतःला काय घालायचं म्हणशील तर तुझ्या पत्रात एक ओळ अशी जाता जाता आलीय, "सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या लग्नातली इरकल आहे, कधी बाहेर काढत नाहीत." मी तिथंच थांबले. अगं, इरकल! ती ज्या गावाची ते इलकल आपल्या शेजारच्याच बागलकोट जिल्ह्यातलं, ह्या साडीत अंगाचा आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगवेगळा करून हातानं जोडतात, त्याला तिकडं तोप तेणी म्हणतात, त्यामुळं तो लालभडक पदर अंगाच्या रंगात मिसळत नाही, उठून दिसतो. असली साडी पन्नास एकसारख्या पैठण्यांच्या घोळक्यात कशी दिसेल कल्पना कर. सासूबाईंना जाऊन विचार, "आई, लग्नाला तुमची इरकल मी नेसू काय?" रोज नटतीस म्हणणाऱ्या बाईला तिच्या तरुणपणच्या साडीची कोणीतरी हौस करतंय हे कळलं तर काय होतं ते बघच. कदाचित नाही म्हणतील, म्हणू देत, विचारलंस हे त्यांच्या लक्षात राहील. आणि मला असं वाटतं की त्या जे टोचून बोलतात त्यात थोडं हे पण असेल की त्यांना त्या वयात कोणी हौस करू दिली नाही. एखाद्या रविवारी त्यांनाच खासबागला घेऊन जा. भाजीचा बाजार पण तिथंच होतो, यायला नाही म्हणणार नाहीत, आणि तुझ्या कुर्तीची खरी किंमत त्यांच्या डोळ्यासमोर ठरली की झाडाला पैसा लागलाय काय हे बोलणं आपोआप कमी होईल.

नणंदेला मात्र तू स्वतः सांग, दुसऱ्याकडनं कळायला नको. "वन्सं, एवढे पैसे आत्ता मला जमत नाहीत, मी आईंची इरकल नेसते, तुमच्या हळदीला काय लागेल ते काम सांगा," असं मोकळेपणानं बोल. फोटोत सगळ्या सारख्या दिसाव्यात एवढाच तिचा हट्ट असेल तर एकसारखे गजरे, नाहीतर सगळ्यांना गुळेदगुड्डच्या खणाचे ब्लाउज असं सुचव, कमी खर्चात तेच काम होतं, आणि खण आपल्याकडं सहज मिळतो. घेताना सुती आहे का पॉलिस्टर ते नीट विचारून घे, मे महिन्यात मांडवात पॉलिस्टरचा ब्लाउज म्हणजे शिक्षा.

इरकल मिळाली तर लगेच उघडून घड्या बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या साडीचा पदर घडीवर चिरतो, बारीक रेष दिसली तरी मागनं मऊ कापडाचा आधार लावून घे, तुझ्या हातात ते आहे. सावलीत वारा लागू दे, कडक इस्त्री फिरवू नकोस, आणि घडी बदलून सुती कापडात गुंडाळून ठेव. ब्लाउज मार्चमध्येच शिवायला टाक, लग्नसराईत एप्रिल लागला की शिवणारी बाई कोणाचं घेत नाही.