अमेरिकेत कॉलेजच्या लॅक्रॉस टीमचा कोच कसा होतात? करिअर कसं असतं?

बहुतेक जण आधी स्वतः कॉलेजकडून खेळलेले असतात. मग कुठेतरी असिस्टंट, आणि नशीब असेल तर हेड कोच. (लॅक्रॉस म्हणजे काठीच्या टोकाला जाळी, त्यात चेंडू झेलायचा आणि फेकायचा. मूळ खेळ तिथल्या आदिवासींचा.)

बिल टियर्नी यांचंच बघा. रॉचेस्टरच्या एका छोट्या टीमचे ते हेड कोच होते, तरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असिस्टंट म्हणून गेले. पदाने एक पायरी खाली, पण टीम देशातली अव्वल. तिथून 1988 ला प्रिन्स्टन. पहिल्या सीझनला 2 विजय, 13 पराभव! चारच वर्षांनी, 1992 ला, तीच टीम राष्ट्रीय विजेती. एकूण सहा विजेतेपदं झाल्यावर त्यांनी डेन्व्हर गाठलं आणि 2015 ला सातवं मिळवलं. 2023 ला कॉलेज कोचिंगमधून निवृत्त.

सिराक्यूजमध्ये वेगळीच तऱ्हा. सिमन्स बाप-लेकांनी मिळून 1931 ते 1998 टीम सांभाळली. घरचं दुकानच म्हणा ना.

मला सगळ्यात आवडतात केली अमॉन्टे हिलर. मेरीलँडला सिंडी टिमचल यांच्या हाताखाली खेळल्या, मग नॉर्थवेस्टर्नची बंद पडलेली मुलींची टीम पुन्हा उभी केली. खेळाडू कमी होते, तेव्हा कॅम्पसमध्ये धावत चाललेल्या दोन जुळ्या बहिणींना त्यांनी थेट टीममध्ये बोलावलं. 2005 ला याच टीमने एकही मॅच न हरता विजेतेपद मिळवलं.

थोडक्यात, खेळ येणं गृहीतच धरतात; खरी नोकरी खेळाडू हेरायची.