बुरुजाचा निधी मार्चअखेर परत का जातो?

आपल्या तालुक्यातील किल्ल्याच्या ढासळलेल्या बुरुजासाठी मंजूर झालेला निधी ३१ मार्चला अखर्चित परत गेला आणि पुढच्या वर्षी तो मिळाला तर टिकवायचा कसा, असे आपण विचारले आहे. अशा वेळी निवेदन आणि मोर्चा हेच आधी सुचते, पण पंधरा वर्षे हे काम जवळून पाहिल्यावर मी तो उपाय सर्वांत शेवटी ठेवतो.

प्रथम किल्ला कोणाकडे आहे हे पाहावे. २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी रायगड, पन्हाळा धरून ८ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे ४ राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. आपला किल्ला राज्य संरक्षित असेल तर संचालनालयाच्या तरतुदीखेरीज जिल्हा वार्षिक योजनेतूनही पैसे मिळू शकतात. ती योजना ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात.

निधी परत जातो तो बहुधा द्वेषाने नव्हे. चुन्याचे वर्ष आणि कोषागाराचे वर्ष जुळत नाही, हे त्याचे मूळ आहे. पावसाळ्यात गडावर बांधकाम होत नाही, म्हणजे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातले शेवटचे दोन महिने पुढच्या आर्थिक वर्षात पडतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांत जानेवारी उजाडतो. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात वाळू आणि विटांच्या चुऱ्याबरोबर मळायचा आणि दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, भरल्यावर दिवसेंदिवस ओला ठेवायचा, हे सारे उरलेल्या आठ-दहा आठवड्यांत बसत नाही. मग एक तर पैसे परत जातात, नाहीतर मार्चच्या देयकासाठी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. आमच्याकडच्या एका तटाला असे सिमेंट लागले आणि आत अडकलेल्या पाण्याने दोन पावसाळ्यांत दर्शनी दगडच सुटून आले. निधी परत गेला असता तर बरे झाले असते, असे मला तेव्हा प्रथमच वाटले.

म्हणून अंदाजपत्रक संवर्धन वास्तुविशारदाकडून आदल्या पावसाळ्यातच करून घेण्याचा आग्रह धरावा आणि काम दोन वर्षांत विभागून दोन्ही वर्षांची तरतूद मागावी. ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज करून मंजूर, वितरित आणि खर्च असे तीन आकडे स्वतंत्रपणे विचारावेत. १० रुपयांत आणि नियमाप्रमाणे ३० दिवसांत ते मिळायला हवेत. वितरित रक्कम शून्य दिसली तर हिवाळी अधिवेशनापूर्वी आमदारांना तोच कागद द्यावा, कारण फेब्रुवारीत कोणीही काही करू शकत नाही.

तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयाबद्दल आपण ओझरते लिहिले आहे. तिथे इमारतीला पैसे मिळतात, पण पहारेकरी, अभिरक्षक (क्युरेटर) आणि दमट हवेपासून कागदपत्रे जपण्याचा रोजचा खर्च यांना मिळत नाहीत. त्याची फीत कापता येत नाही ना! तेव्हा मागणीपत्रात वेतन आणि देखभाल ही शीर्षे बांधकामाच्या आधी लिहावीत.