देशी झाडं लावताना मायकोरायझाची पावडर विकत घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडच्या उतारावर ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ लावायचे आहेत आणि दुकानदार प्रत्येक खड्ड्यात व्हॅमची, म्हणजे मायकोरायझा या मुळांत राहणाऱ्या बुरशीची पावडर टाकायला सांगतोय. ती नाही टाकली तर झाडं मरतील का?

नाही मरणार. बुरशी झाडांना हवीच, पण ती बहुतेक वेळा तुमच्या जागेत आधीपासून असते.

जांभ्याच्या लाल मातीत फॉस्फरस असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतात. मुळाच्या लगतचा संपला की लांबचा आपणहून सरकत येत नाही. मुळांत राहणाऱ्या या बुरशीचे तंतू मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक. मूळ शिरणार नाही अशा फटींत शिरून ते फॉस्फरस ओढून आणतात. बदल्यात झाड साखर देतं आणि स्निग्ध पदार्थही, कारण मेदाम्लं बनवणं या बुरशीला जमत नाही. ही गोष्ट २०१७ च्या सुमारास नीट उलगडली. म्हणूनच तिला वाढायला जिवंत मूळ लागतं. ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीसारखी ती नुसत्या शेणखतावर वाढत नाही. दुकानात ही दोन्ही पाकिटं एकाच फळीवर असतात आणि सर्रास एकमेकांच्या नावावर खपवली जातात.

सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची बुरशी याच गटातली, आणि ती फारशी निवडक नसते. ऐनाच्या मुळात राहणारी गवताच्या, करवंदीच्या, नाचणीच्या मुळातही राहू शकते. तेव्हा उतारावर गवत आणि करवंदीच्या जाळ्या असतील तर पावडरीचे पैसे खड्डे चांगले खणण्यावर घाला.

साल वृक्षाचं तसं नाही. त्याची बुरशी वेगळी, मुळाच्या टोकाला बाहेरून वेढणारी. छत्तीसगडमधल्या बस्तरच्या बाजारात पहिल्या पावसात महाग विकला जाणारा बोडा (एक अळंबी) म्हणजे तिचंच फळ. सालाशिवाय तो शेतात पिकवता येत नाही. (आपल्याकडे वारुळावर उगवणारी अळंबी मात्र वाळवीची भागीदार, झाडाची नव्हे.) जोडीदार नसला तर काय होतं ते पोर्टो रिकोत दिसलं. तिथे बाहेरून आणलेल्या पाईनची रोपं तग धरत नव्हती. १९५० च्या दशकात पाईनखालची माती आणून घातली, मग ती वाढली.

म्हणजे जेसीबीने वरची माती खरवडून नेली असेल किंवा खाणीचा भराव असेल, तर बाहेरून बुरशी आणावी लागेल. तिथेही मी पाकिटाआधी माती वापरीन. मालकीच्या जागेतल्या जुन्या, निरोगी झाडाखालचा पाचोळा बाजूला करा, बारीक मुळं दिसतील तिथली माती घ्या, आणि मूठभर थेट रोपाच्या मुळांना लागेल अशी टाका. उन्हात वाळवू नका. मर लागलेल्या झाडाखालची घेऊ नका, रोगही सोबत येतो. देवराईतून पोती भरून आणणं तर अजिबात नको, आणि राखीव जंगलातली माती उचलणं कायद्यातही बसत नाही.

खड्ड्यात डीएपी हे फॉस्फरसचं खत टाकू नका. आयता फॉस्फरस मिळाला की झाड बुरशीला पोसायचं कमी करतं.

झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना जेवण पाठवतात, असंही तुम्ही लिहिलंय. १९९७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवघेव दिसली होती, पण ती बुरशीतूनच झाली का आणि जंगलात तिला किती महत्त्व, यावर शास्त्रज्ञांत आजही जोरदार वाद आहे. लागवड त्या भरवशावर आखू नका.

रोपं बरीच असतील तर आणलेल्या मातीतली बुरशी आधी वाढवून घ्या. ती माती वाळूत मिसळून पिशव्या भरा, त्यांत नाचणी किंवा मका पेरा, साधारण तीन महिने वाढू द्या, मग पाणी तोडा. ताटं वाळली की मुळांसकट ती माती खड्ड्यांत वापरा. मोहरी, मुळा किंवा राजगिरा पेरू नका, त्यांच्या मुळांत ही बुरशी सहसा राहत नाही.